मनाच्या डॉक्टरांकडे पहिली भेट

पाय मोडला, तर आपण दवाखान्यात जातो. ताप आला, तरी जातो. पण मन आजारी पडले, तर? तर आपण गप्प बसतो. लोक काय म्हणतील, याचे भय वाटते.

२०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा जिल्ह्यात नदीकाठची घरे आणि धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले. पण मनावरचा भार तसा लवकर उतरत नाही.

असा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. धान गेले, कर्ज उरले. रात्री झोप नाही. जेवणाला चव नाही. रोवणीचे दिवस आले, तरी तो खाटेवरून उठत नाही. बायको म्हणते, "अहो, दवाखान्यात चला नं!" तो म्हणतो, "मले काय झालं? मी पागल आहो का?"

नाही. तो पागल नाही. तो आळशीही नाही. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवडे झाले तरी उदासपणा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

कुठे जावे? आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मनाचे डॉक्टर कुठे आणि कोणत्या दिवशी भेटतात, ते तिथे कळेल. घरूनच बोलायचे असेल, तर १४४१६ या नंबरावर फोन करा. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. ती रात्रंदिवस चालते. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

आता तयारी करू. डॉक्टरांपुढे बसले, की माणूस अर्धे विसरतो. पण आता आपल्याला लिहिता येते. मग एका कागदावर लिहून न्या :

१. त्रास केव्हापासून आहे?
२. झोप किती लागते? जाग केव्हा येते?
३. भूक कशी आहे? कामात मन लागते का?
४. दारू, खर्रा किती?
५. कोणत्या गोळ्या, कोणती जडीबुटी चालू आहे?
६. घरात आणखी कोणाला असा त्रास झाला होता का?

जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या. सिकलसेलचे कार्ड असेल, तर तेही घ्या. अंगात रक्त कमी असले, किंवा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तरी माणूस थकतो, उदास होतो. म्हणून डॉक्टर रक्तही तपासायला सांगतील.

दारूची गोष्ट लपवू नका. डॉक्टर रागावण्यासाठी विचारत नाहीत. दारूवर काही गोळ्या घातक ठरतात, म्हणून विचारतात.

घरचे एक माणूस सोबत असावे. पण काही गोष्टी घरच्यांपुढे बोलवत नाहीत. तेव्हा म्हणा, "डॉक्टरसाहेब, मले एकट्यानं बोलायचं आहे." तुमचे बोलणे गुप्त ठेवावे, असे २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र ते आवश्यक तेवढे सांगता येते.

सर्वांत मोठी गोष्ट अशी. मरून जावेसे वाटत असेल, तर ते पहिल्यांदा सांगा. त्यात लाज नाही. आणि घरच्यांनो, तुम्हीही विचारा. विचारल्याने कोणी मरत नाही. उलट मन हलके होते. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. त्या माणसाला एकटे सोडू नका. धोका दिसला, तर १०८ वर फोन करून गाडी बोलवा.

निघताना डॉक्टरांना विचारा : गोळी केव्हा घ्यायची? किती दिवस? काय त्रास होऊ शकतो? पुन्हा केव्हा यायचे? उत्तरे त्याच कागदावर लिहा. उदासपणाच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. धान तरी पेरल्या दिवशी कुठे उगवते? म्हणून गोळी मधेच आपल्या मनाने सोडू नका.

अभ्यास

१. १४४१६ हा नंबर आपल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.
२. दारूची गोष्ट डॉक्टरांपासून का लपवू नये?
३. आपल्या शेजारचे कोणी बरेच दिवस गप्प आहे का? आज त्याच्या घरी जाऊन बसा.