अरबांचीं कुळें व पहिल्या स्वाऱ्या

(अभ्यासपाठ. आधीं वाचावें: उत्पत्ति २५:१२–१८)

जालना जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस 'चाऊस' हें आडनाव परिचयाचें असेलच. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज निजामाच्या लष्करी चाकरीसाठीं अरबस्तानांतील हद्रमौत प्रांतांतून आले. मुसलमानांच्या पहिल्या स्वाऱ्यांशीं त्यांच्या येण्याचा संबंध जोडूं नये. त्या स्वाऱ्या त्याच्या हजारांहून अधिक वर्षें आधींच्या होत.

महंमद पैगंबर इ. स. ६३२ मध्यें वारले, तेव्हां अनेक अरब कुळांनीं मदिनेचा अंमल झुगारून दिला. पहिले खलिफा अबू बकर यांनीं त्यांस पुन्हां एका सत्तेखालीं आणिलें. पुढें सिरिया व इराण जिंकिले ते या कुळांच्याच बळावर. शिपाई आपल्या भाऊबंदांसह, आपल्या कुळाच्या निशाणाखालीं लढे. दुसरे खलिफा उमर यांच्या काळीं बसरा व कुफा हीं लष्करी ठाणीं वसलीं. तेथील वस्त्या कुळवार होत्या आणि वेतनाच्या वह्याहि कुळवार.

सर्व कुळें एका पक्षाचीं मात्र नव्हतीं. घस्सान कुळ ख्रिस्ती होतें. ६३६ सालीं यर्मूकच्या लढाईंत त्याचे लोक रोमी बादशहाच्या बाजूनें लढले. तघलिब कुळानें उमर यांच्याशीं करार करून आपला ख्रिस्ती धर्म राखिला.

त्याच सुमारास आपल्या ठाणें बंदरावरहि अरबांची एक स्वारी आली. सकीफ कुळाचा उस्मान बिन अबुल आस हा बहरीन व उमान यांचा सुभेदार होता. त्यानें खलिफांची आज्ञा न घेतां समुद्रमार्गें सैन्य धाडिलें. सैन्य परत आलें, तरी उमर संतापले. हे लोक मेले असते तर तितकेच तुझ्या कुळांतून घेतले असते, अशा अर्थाचें त्यांनीं लिहिलें, असें नवव्या शतकांतील इतिहासकार बलाझुरी सांगतो. एकाच्या अविचाराची भरपाई सर्व कुळानें करावी, असा तो न्याय!

ज्या भाऊबंदकीनें राज्यें जिंकिलीं, तिनेंच पुढें फूटहि पाडिली. ६८४ सालीं मर्ज राहित येथें कैस व कल्ब या पक्षांचे अरब एकमेकांवर तुटून पडले. धर्म बदलला म्हणजे कुळाभिमान आपोआप गळून पडतो असें नाहीं. आपल्या मंडळ्यांतहि पंगतीच्या व सोयरिकीच्या वेळीं जुनी जात डोकें वर काढिते, हें कोणास ठाऊक नाहीं?

प्रश्न: (१) उमर यांनीं सुभेदारास दोष कां दिला? (२) एकाच्या अपराधाबद्दल सर्व घराण्यास बोल लावण्याची चाल आपल्या गांवीं आहे काय?