पाण्यात बुडणारा धातुशोधक आतून कोरडा कसा राहतो?

नाशिकच्या रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीतील नाणी वर काढणारी मुले अनेकांनी पाहिली असतील. आजची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटून वर येतात. पाच रुपयांचे पितळी नाणे मात्र चुंबकाला दाद देत नाही, आणि चांदीचे तर नाहीच नाही. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे 1906 साली क्षत्रप राजा नहपान याची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. तो साठा जमिनीऐवजी नदीच्या गाळात असता, तर जगातील कितीही मोठ्या लोहचुंबकाला त्यातले एकही नाणे उचलता आले नसते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला, तेव्हा वाहून गेलेल्या वाहनांच्या शोधासाठी सुमारे 300 किलो वजनाचे लोहचुंबक क्रेनला बांधून पात्रात सोडले होते. बसचा सांगाडा पोलादी, म्हणूनच चुंबकाचा विचार करता आला.

जे चुंबकाला चिकटत नाही त्यासाठी धातुशोधक लागतो. त्यातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्‌प्रवाह सोडतात. भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहते व त्यामुळे जवळच्या धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र वेटोळ्याला जाणवते आणि कानात आवाज येतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने 1881 साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी हेच तत्त्व वापरले होते. गोळी सापडली नाही, पण तत्त्व टिकले.

पाणबुड्याच्या हातातील धातुशोधकाची अडचण वेगळीच असते. आवाज येत नाही याचे दोन अर्थ होतात. एक, खाली धातू नाही. दुसरा, पेटीत पाणी शिरून यंत्र बंद पडले आहे. गढूळ पाण्यात चाचपडणाऱ्या माणसाला हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. शोधलेली जागा ‘रिकामी’ म्हणून सोडून तो पुढे जातो. म्हणून पेटी कोरडी ठेवणे हा नुसता यंत्र वाचवण्याचा प्रश्न नाही.

पेटी पितळेची किंवा स्टीलची करून टाकावी असे तुम्हांला वाटेल. पण मग यंत्राला सर्वांत आधी स्वतःचीच पेटी ‘सापडेल’! निदान वेटोळ्याजवळ तरी प्लॅस्टिकच हवे. वेटोळे राळेसारख्या इपॉक्सीत ओतून कायमचे बंद करतात, त्यामुळे तेथे पाणी शिरण्याचा संभव कमी. धोका असतो तो उघडझाप होणाऱ्या ठिकाणी, म्हणजे बॅटरीच्या झाकणाशी व वायर आत जाते तेथे.

झाकणाखाली खाचेत एक गोल रबरी कडे बसवलेले असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. रबर दाबले तर त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, फक्त आकार बदलतो. म्हणून तीन मि.मी. जाडीचे कडे सुमारे एक पंचमांश दाबले जाईल एवढी खाचेची खोली ठेवतात आणि चेपलेल्या रबराला पसरण्यास रुंदीत जागा सोडतात. आता गंमत पाहा. बाहेरच्या पाण्याचा दाब कड्याला खाचेच्या आतल्या भिंतीकडे ढकलतो, व दाब जितका जास्त तितके कडे फटीवर अधिक घट्ट बसते. घरातल्या कुकरचे रबरही असेच वागते. वाफ धरेपर्यंत कडेने फुसफुसते, एकदा दाब वाढला की गप्प बसते. त्यामुळे दहा मीटर खोलीवर कोरडी राहणारी पेटी गुडघाभर पाण्यात गळू शकते, हे ऐकून नवल वाटायला नको.

गुडघाभर पाण्यात एवढा दाब येतो कोठून? 40 सेंमी. खोलीवर पाण्याचा दाब 40 सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतकाच. पण दुसरे एक कारण आहे, आणि माझ्या मते पुष्कळ गळत्यांच्या मुळाशी तेच असते. समजा, मे महिन्याच्या दुपारी नदीकाठी उन्हात बॅटरी बदलून झाकण लावले. पेटीतील हवा 52 अंश सेल्सिअसला आहे. पेटी 25 अंशांच्या पाण्यात बुडवली. निरपेक्ष तापमान 325 वरून 298 केल्व्हिनवर आले. आकारमान तेच, म्हणून आतला दाब 298 भागिले 325, म्हणजे सुमारे 92 टक्के उरला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाब 965 सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचे आठ टक्के म्हणजे जवळजवळ 80 सेंमी. पाण्याच्या वजनापेक्षा आतली हवाच पाण्याला दुप्पट जोराने ओढते आहे! झाकणाला नीट फट मिळाली आणि पेटी एक लिटरची असली, तर एवढ्यानेच सुमारे 80 मिलिलिटर पाणी आत येईल. हा चहाचा जवळजवळ एक कप झाला.

पेटी नाशिकला बंद करून कसारा घाट उतरून समुद्रावर नेली तरी असेच घडते. खाली हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी अधिक असतो, म्हणजे पाण्यात पाय घालण्याआधीच पेटीवर 70 सेंमी. पाण्याचा भार आलेला असतो. उपाय सोपा आहे. किनाऱ्यावर पोचल्यावर सावलीत पेटी एकदा उघडून, पुसून पुन्हा बंद करावी.

बंद करताना कड्यावर एखादा केस राहिला तर? माणसाचा केस सुमारे 0.07 मि.मी. जाड असतो. रबर त्याला बिलगते, पण दोन्ही बाजूंना बारीक बोगदे उरतात. असा एक बोगदा 0.04 मि.मी. व्यासाचा व तीन मि.मी. लांब धरू. प्वाझय याच्या नियमाप्रमाणे 80 सेंमी. दाबाखाली त्यातून तासाला अर्ध्या मिलिलिटरहून थोडे अधिक, म्हणजे दहाबारा थेंब पाणी जाईल. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. बोगदा निम्मा अरुंद केला की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, तासाला एक थेंबही नाही. कडे व खाच पुसण्यात घालवलेल्या दोन मिनिटांचा मोबदला एवढा मोठा आहे.

ग्रीसविषयी बराच गैरसमज आढळतो. गळती ग्रीस थांबवत नाही, रबर थांबवते. ग्रीसमुळे कडे न पिळता आपल्या जागी सरकते, इतकेच. बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरे. थापून लावलेल्या ग्रीसला वाळू चिकटते, आणि वाळूचा कण केसापेक्षा कितीतरी जाड. शिवाय नैसर्गिक रबराला खनिज तेलाचे ग्रीस लागले की ते फुगते, तर सिलिकोन रबर सिलिकोन ग्रीसने फुगते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच स्क्रू जोर लावून पिळला तर प्लॅस्टिकचे झाकण दोन स्क्रूंच्या मध्ये कमानीसारखे उचलले जाते.

रबर म्हातारेही होते. महिनोन्‌महिने दाबून राहिलेले कडे बाहेर काढल्यावर पूर्ववत गोल होत नाही, चपटेच राहते. असे कडे बदलावे. थंडीत रबर ताठरते. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ अवकाशयान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, ते अतिथंड सकाळी रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी वेळेवर फुगून फट बुजवू न शकल्याने. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी समितीपुढे त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हे दाखवले होते.

वायरीतून येणारे पाणी अधिक लबाड. वरचे आवरण चिरले की कंदिलाच्या वातीत तेल चढावे तसे केशाकर्षणाने पाणी तारांच्या धाग्यांमधून थेट पेटीत पोचते, आणि झाकण मात्र निर्दोष असते. उलट, कधी आत दिसणारे दव गळतीचे नसतेच. पावसाळ्यात 30 अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प असते, 20 अंशांना जेमतेम 17 ग्रॅम मावते. म्हणजे एक लिटरच्या पेटीत 13 मिलिग्रॅम, पाव थेंब पाणी धुक्यासारखे जमेल. ऊन लागताच ते नाहीसे होते आणि दर खेपेस वाढत नाही. गळतीचे पाणी वाढत जाते. समुद्राचे असेल तर वाळल्यावर पांढरे मीठ मागे ठेवते.

ता. क. म्हणून एक उलटा मार्ग. आपल्या द्राक्षबागांच्या विहिरींत व बोअरमध्ये सोडलेल्या पाणबुडी पंपांपैकी पुष्कळांची मोटर मुद्दामच स्वच्छ पाण्याने भरलेली असते! वेटोळ्याच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते, आतबाहेर दाब सारखा राहतो आणि पाणी ढकलणारे कोणी उरत नाही. खोल समुद्रातील उपकरणे याच हेतूने तेलाने भरतात. धातुशोधकाच्या बॅटरीचे झाकण मात्र वरचेवर उघडायचे असल्याने तेथे हे सोयीचे नाही.

प्रयोग: रबरी कडे असलेला जेवणाचा डबा घ्या. आत टिपकागद ठेवून झाकण लावा आणि डबा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून धरा. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात धरतो तसे बुडबुडे कोठून येतात ते पाहून तेथे खडूने खूण करा. आता डबा बाहेर पुसून, न उघडता, पोटॅशियम परमँगनेटच्या एकदोन कणांनी रंगवलेल्या गार पाण्यात दहा मिनिटे ठेवा. पुन्हा पुसून सावकाश उघडा. दुसऱ्या खेपेस कड्यावर मुद्दाम एक केस आडवा ठेवून हेच करा, आणि दोन्ही टिपकागदांवरचे जांभळे डाग खुणेशी ताडून पाहा.