चेहरा झाक, विमान वाच

पोरा, जुन्या ट्रंकेत विमानाशेजारी उभ्या माणसाचा फोटो निघाला की घरातले सगळे चेहऱ्यावर तुटून पडतात. एकानं "हे तर थोरले काका!" म्हटलं की बाकीच्यांनाही नाक तेच दिसायला लागतं. म्हणून आधी कागदाचा तुकडा ठेवून चेहरा झाक. विमान वाच, मग कपडे वाच. चेहऱ्याची पाळी शेवटी.

या सगळ्याच्याही आधी फोटो उलटा कर. मागे स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, पेन्सिलीतली तारीख, काहीही असू शकतं. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नको, काचेसकटच त्याचा फोटो काढून घे. निगेटिव्ह उलटी छापली गेली नाही ना, तेही बघ. वैमानिकाचा पंखांचा बिल्ला डाव्या छातीवर, खिशाच्या वर असतो. तो माणसाच्या उजव्या छातीवर दिसला तर सगळा फोटोच उलटा आहे, आणि त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्षही.

आपल्या हिंगोलीत छावणी होती, म्हणून आजोबांना "छावणीतले पायलट" करून टाकायचा मोह होतो. तो टाळ. तिथली निजामाची कंटिन्जंट फौज 1903 साली ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेली, आणि राइट बंधू त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिल्यांदा उडाले. आता तूच हिशेब कर.

हिंगोलीचा लढाऊ विमानांशी संबंध मात्र आहे, आणि तो पैशाचा. आपला भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. पहिल्या महायुद्धात निजामानं ब्रिटिशांच्या 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-9ए जातीची बाँबफेकी विमानं दिली. दुसऱ्या महायुद्धात 152 आणि 253 या लढाऊ स्क्वाड्रनांना हैदराबादचं नाव मिळालं. देणगी निजामाची म्हणून छापली जाते. पण त्याची तिजोरी कळमनुरी-वसमतच्या कुणब्याच्या साऱ्यावरही भरत होती, हे कुठं छापत नाहीत.

यातला फसवा भाग लक्षात ठेव. फोटोखाली 'हैदराबाद स्क्वाड्रन' लिहिलेलं असलं म्हणून आतला पोरगा हैदराबादचा ठरत नाही, तो बहुधा इंग्रज असतो. 152 ची विमानं स्पिटफायर. ब्रिटनच्या 1940 च्या हवाई लढाईत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेलला होती आणि त्यांच्या अंगावर 'यूएम' ही अक्षरं असत. बिल्ल्यावर निजामाची दस्तार, आणि बोधवाक्य 'फेथफुल अलाय', म्हणजे ब्रिटिशांनी निजामाला दिलेला किताबच. पुढं हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिथल्या स्पिटफायरवर देशाच्या गोल खुणेवरून झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. तो दिसला तर अक्षरं पुसट असली तरी चालेल.

स्पिटफायर आणि हरिकेन यांत गल्लत होते. पंख वरून दिसत असेल तर प्रश्नच नाही, स्पिटफायरचा पंख टोकाकडं लंबगोल होत जातो. पण आपल्या फोटोत माणूस पंखापुढंच उभा असतो! मग शेपटीकडं बघ. हरिकेनच्या मागच्या अंगावर कापड ताणलेलं असतं आणि आतल्या लाकडी पट्ट्या उपाशी बैलाच्या फासळ्यांसारख्या उठून दिसतात. तिची चाकं एकमेकांपासून लांब, पाणी थंड करायचा रेडिएटर पोटाखाली मधोमध. स्पिटफायरचं अंग पत्र्याचं, गुळगुळीत, चाकं जवळजवळ, रेडिएटर पंखाखाली. सुरुवातीच्या स्पिटफायरना एका पंखाखाली मोठा आणि दुसऱ्याखाली लहान डबा दिसतो. दोन्ही सारखे मोठे दिसले, पंख्याला चार पाती असली, तर विमान युद्धाच्या उत्तरार्धातलं धर.

गोल खुणेच्या रंगावर मात्र घाईनं बोलू नको. त्या काळच्या ऑर्थो फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतो, निळा फिकट. बाहेरचं पिवळं कडं काळं दिसतं आणि अस्तित्वातच नसलेल्या देशाचं विमान लोक शोधत बसतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर खुणेतला लाल ठिपकाच काढून टाकला होता, कारण जपान्यांची खूण लाल गोळा. आपल्याच माणसानं आपल्यालाच पाडू नये, म्हणून तिथं गडद आणि फिकट निळ्याची खूण आली. ती दिसली की आघाडी कळली.

आता माणूस. बिल्ल्याला दोन्ही पंख असतील तर वैमानिक. एकच पंख असेल तर तो निरीक्षक, दिशादर्शक किंवा मागचा बंदूकवाला. घरच्यांना वाईट वाटेल, तरी सांगायचं. विमानाला दोन बैठका असतील तर बहुतेक ते शिकवण्याचं विमान. मराठवाड्यातल्या घरात असा फोटो निघाला तर आधी हैदराबादचं बेगमपेठ आठव. युद्धकाळात तिथं टायगर मॉथवर पोरांना उडायला शिकवत. दुहेरी पंखांचं ते नाजूक विमान, लढाऊ नव्हे. आणि विमानापुढं उभा राहिला म्हणजे ते त्याचंच, असंही नाही. फोटोसाठी जे मोकळं होतं त्यापुढं उभं करत.

भारतीय वैमानिक असेल तर हरिकेनची शक्यता मोठी. 1944 ला इंफाळच्या लढाईत अर्जनसिंगांची 1 नंबरची स्क्वाड्रन हरिकेनवरच होती. स्पिटफायर आपल्या हवाई दलाला त्याच वर्षी उशिरा मिळू लागली. 'रॉयल' शब्द मार्च 1945 मध्ये लागला आणि 26 जानेवारी 1950 ला गेला. टोपीवरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले की फोटो प्रजासत्ताकातला. गोल नाकाचं, जाडजूड टेम्पेस्ट दिसलं तर स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ. 1948 च्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईत आपल्या डोक्यावरून उडाली ती हीच जात.

मराठी चेहरा दिसला की हृषीकेश मुळगावकरांचं नाव चिकटवू नको. मुंबईचे, महावीरचक्रवाले, 1976 ते 78 हवाई दलप्रमुख. त्यांच्यासारखं नाक असलेली माणसं पुष्कळ होती. चेहरा जुळवायचाच तर कान जुळव. मिशी, वजन, वय बदलतं, कानाची घडण फारशी बदलत नाही.

शेपटीजवळचा अनुक्रमांक भिंगाखाली वाचता आला तर अर्धं काम झालं. घरात उड्डाणांची वही, म्हणजे लॉगबुक, असेल तर तो क्रमांक त्यात शोध. स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर 27' या मालिकेत आहेत. कोणत्या दिवशी कुणी कोणतं विमान उडवलं, हे त्यात पुष्कळदा मिळतं. प्रत्यक्ष विमानं बघायची तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात जा. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट तिघंही तिथं आहेत.

एवढं करूनही नाव पटलं नाही, तर फोटोमागं कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं "ओळख पटलेली नाही" असं लिही, तारीख घाल, आणि कोण कुणाला काय म्हणत होतं तेही वेगळ्या ओळीत टिपून ठेव. बॉलपेन वापरू नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.