श्वासयंत्राची सवय

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज चुकीचा आहे. झोपेत घसा मिटून श्वास वारंवार थांबणे हा विकार असून त्याने रक्तदाब वाढतो, वाहन चालविताना डुलकी लागते. १९८१ मध्ये सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा उपचार मांडला. परंतु अनेक रुग्ण यंत्र लवकरच सोडून देतात. बाळापूरच्या उन्हाळ्यात मुखवट्याखाली घाम येतो, नाक कोरडे पडते. म्हणून आशा स्वयंसेविका, शिक्षक व पंचायत सदस्यांनी पहिले काही आठवडे घरी जाऊन विचारपूस करावी. मुखवटा आधी दिवसा लावून पाहावा, रोज धुवावा, पट्टे फार आवळू नयेत. त्रास झाल्यास यंत्र न सोडता डॉक्टरांना भेटावे. चष्मा काढताच दिसणे अंधुक होते, तसाच यंत्र सोडताच श्वास पुन्हा अडतो.