डब्यातली वीज किती तास पुरते?

आपल्याकडे "लाईट गेली" हे एकच वाक्य तीन वेगवेगळ्या संकटांसाठी वापरतात. फ्यूज उडाला की लाईट जाते, ती दहा मिनिटांत येते. दुरुस्तीच्या वारी किंवा भारनियमनात जाते, ती चार-सहा तासांत येते. आणि ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला धडकले तेव्हा खांबच आडवे झाले. आमच्या दापोली तालुक्यातल्या गावात त्या वेळी गेलेली लाईट यायला तीन आठवडे लागले. जनरेटरवर मोबाईल चार्ज करून घ्यायला रांगा लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर आमच्याकडे पोर्टेबल पॉवर स्टेशन हा शब्द ऐकू येऊ लागला. हँडल असलेला एक डबा, त्याला घरातल्यासारखे सॉकेट, यूएसबीची भोके आणि पुढे एक चकचकीत आकडा. मी इलेक्ट्रिकलला असल्यामुळे सुट्टीत घरी गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, "घेऊ का रे हा डबा? इंजिनिअर होतोयस ना, सांग मग!" त्या सगळ्यांना दिलेले उत्तर इथे एकत्र लिहीत आहे. यात फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलपलीकडचे काही नाही.

डब्यात असते काय?

चार गोष्टी असतात. लिथियमची बॅटरी, तिच्यावर पहारा करणारे नियंत्रण सर्किट, डीसीचे २३० व्होल्ट एसी करणारा इन्व्हर्टर आणि चार्जर. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून लिथियम आयर्न फॉस्फेटचा शोधनिबंध आला. त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावेही आहेत. गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ही फॉस्फेटची जात जड असते, पण सहजासहजी पेट घेत नाही आणि दोन-तीन हजार वेळा भरून रिकामी करता येते. घरात ठेवायचा डबा याच जातीचा बघावा.

वॉट वेगळे, वॉट-तास वेगळे

डब्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा वॉटचा असतो. वॉट म्हणजे नळाची तोटी केवढी आहे ते, आणि वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते. तोटी मोठी असली म्हणून टाकी मोठी होत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की वॉट-तास मिळतात. उदाहरणार्थ, ३.२ व्होल्टचे २० अँपिअर-तासाचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ × २० = १०२४ वॉट-तास. म्हणजे जेमतेम एक युनिट! काही छोट्या डब्यांवर "८०,००० मिलिअँपिअर-तास" असे लिहिलेले असते. सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले की ते २९६ वॉट-तास भरतात. आकड्याला भुलू नका, गुणाकार करा.

शिवाय हे सगळे १०२४ आपल्या हाती पडत नाहीत. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के उष्णतेत जातात. म्हणजे हिशोबाला धरायचे ८७०.

घराचा हिशोब

एका दिवसाची गरज अशी मांडली :

९ वॉटचे ३ एलईडी दिवे, ५ तास : १३५ वॉट-तास
३० वॉटचा बीएलडीसी पंखा, ८ तास : २४० वॉट-तास
१० वॉटचा राऊटर, ६ तास : ६० वॉट-तास
४ मोबाईल, प्रत्येकी १५ : ६० वॉट-तास
एकूण : ४९५ वॉट-तास

८७० भागिले ४९५, म्हणजे पावणेदोन दिवस. आता पंखा जुना ७५ वॉटचा असेल तर एकट्या पंख्याचे ६०० होतात, एकूण ८५५, आणि डबा एका दिवसात संपतो. म्हणजे अजून एक डबा घेण्याआधी पंखा बदलणे स्वस्त पडते! आणखी एक बारकावा म्हणजे एसी सॉकेटचे बटण नुसते चालू ठेवले तरी इन्व्हर्टर स्वतः दहा-एक वॉट खात बसतो. चोवीस तासांत त्याचे २४० होतात. मोबाईल यूएसबीवरच लावावेत आणि गरज नसेल तेव्हा एसीचे बटण बंद करावे.

फ्रिजला दिवसाला साधारण एक युनिट लागते, म्हणजे फ्रिज एकटाच डबा रिकामा करणार. त्याचे दार बंद ठेवले तर थंडावा तीन-चार तास टिकतो. आमच्या आजीचे इन्सुलिन हा खरा प्रश्न होता. वापरात असलेली कुपी २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते, पण न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंशच लागतात. कोकणातला मे महिना तिशीच्या वर असतो. त्यामुळे वापरातली कुपी मातीच्या भांड्यात ओल्या फडक्यात, पाणी आत जाणार नाही अशी, आणि विजेचा वापर उरलेल्या कुपींपुरता, असे आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवले आहे.

मोटर सुरू होतानाचा झटका

व्हायवामध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न : इंडक्शन मोटर सुरू होताना किती करंट घेते? पाच ते सात पट! १ एचपीचा विहिरीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. हजार वॉटचा डबा तिथेच मान टाकतो. काही डबे "दुप्पट वॉट चालवतो" असे सांगतात. ते व्होल्टेज उतरवून चालवतात. हे इस्त्रीला चालते, मोटरला नाही. वादळाचा इशारा आला की पंपाने टाकी भरून ठेवणे हाच पंपाचा बॅकअप.

काकूंचा प्रश्न

शेजारच्या काकूंनी विचारले, "अरे, हा डबा घेतला तर ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालेल ना?" काकांच्या फुप्फुसांचा जुना आजार आहे. मी मशीनच्या मागची पाटी वाचली, ३५० वॉट. ८७० भागिले ३५०, म्हणजे अडीच तास. दहा तासांच्या रात्रीला ३५०० वॉट-तास हवेत, म्हणजे असे चार-पाच डबे.

"काकू, तुम्ही डबा घ्या, पण रात्र त्याच्यावर सोडू नका," असे मी सांगितले. १५०० लिटर ऑक्सिजनचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर या वेगाने साडेबारा तास पुरतो. तो भरलेला घरात हवा, आणि किती लिटरने द्यायचा ते डॉक्टर सांगतील. डब्याचे काम एवढेच, की लाईट गेल्यावर मशीन बंद न पडता सिलिंडर जोडायला किंवा काकांना गाडीतून रुग्णालयात न्यायला वेळ मिळावा. मशीन डब्यातून आणि डबा भिंतीतून असे कायम जोडून ठेवले तर लाईट गेल्यावर तो काही मिलिसेकंदांत स्वतः भार उचलतो. अर्थात त्याला ही सोय आहे आणि तो शुद्ध साइन वेव्ह देतो, हे घेतानाच पाहायला हवे.

मला वाटते, या सगळ्या विषयाचे सार इथेच आहे. डबा हा पूल आहे. पलीकडे काय आहे ते आधी ठरवा, मग पुलाची लांबी मोजा.

मग इन्व्हर्टर काय वाईट?

मुळीच नाही. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. ती पूर्ण उपसायची नसते हे धरले तरी तितक्याच विजेला डब्यापेक्षा स्वस्त पडते आणि घरभर वायरिंग करता येते. रोज दोन-चार तास लाईट जात असेल तर इन्व्हर्टरच घ्यावा. डब्याची गंमत वेगळी आहे. ती बॅटरी पन्नास किलोच्या वर, भिंतीला बांधलेली. हा दहा-बारा किलोचा. विहिरीवरून हंडा भरून आणावा तशी जिथे लाईट आहे तिथून वीज भरून आणता येते, तीही दीड-दोन तासांत. तीन आठवड्यांच्या अंधारात हाच गुण मोलाचा. १०० वॉटचे सोलर पॅनल लख्ख उन्हात दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास देते, पण भर पावसात त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

हे कधीही करू नका

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून डबा भिंतीच्या सॉकेटला जोडायचा आणि सगळे घर उजळायचे, हा "जुगाड" मी ऐकला आहे. मेन स्विच बंद करायचा राहिला तर हीच वीज उलटी लाईनवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचे २३० चे ११,००० व्होल्ट करू शकतो. निसर्गनंतर दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन चिखलात खांब उभे करत होते. लाईन मेलेली आहे या भरवशावरच ते तिला हात लावतात. घर जोडायचेच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, नाहीतर सरळ एक्स्टेंशन बोर्ड वापरा.

एरवी डबा अर्धा-पाऊण भरलेला, सावलीत ठेवावा. तीन महिन्यांनी एकदा तपासावा आणि हवामान खात्याचा इशारा आला की पूर्ण भरावा. आणि विकत घेण्याआधी घरातल्या प्रत्येक उपकरणाची पाटी वाचून वरच्यासारखी यादी करा. वहीचे एक पान आणि अर्धा तास लागतो. आपल्या कुठल्याही सबमिशनपेक्षा कमी!