बग्गीवरचा कॅमेरा

‘व्हायब्रेशन आयसोलेशन’ हा टॉपिक बहुतेक जण ऑप्शनला टाकतात. मीही टाकला होता. पण आमच्या टीमच्या बग्गीने तो माझ्याकडून पुन्हा करून घेतला.

झालं असं, की खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘कट्’ असा आवाज यायचा. ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नव्हतं, आणि बग्गीशेजारून पळत बघणं मेसच्या जेवणावर शक्य नव्हतं. मग ठरलं, विशबोनकडे तोंड करून कॅमेराच लावायचा. टीमचे पैसे टायरमध्ये संपले होते, त्यामुळे माउंट घरीच, म्हणजे वर्कशॉपमध्ये, बनवायचा होता.

कॅमेरा म्हणजे रूममेटच्या पेटीतला जुना मोबाईल. त्याचा नवा फोन मुद्दामच घेतला नाही. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनवाला कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना ॲपलनेच २०२१ मध्ये दिली आहे. जुन्या फोनमध्ये ती भानगडच नव्हती.

चॅसीच्या पाईपला यू-क्लॅम्प, त्यावर ३०० मिमी लांब ॲल्युमिनियमची पट्टी आणि टोकाला मोबाईल होल्डर. होल्डरचा आटा ट्रायपॉडचा असतो, पाव इंची, इंचाला २० आटे. एम-६ चा बोल्ट त्यात दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. एक होल्डर असाच गेला.

पहिल्या व्हिडिओत विशबोन जेलीसारखा लवलवत होता. मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात कॅमेरा हलला की सरळ पाईपही नागमोडी दिसतो. पट्टी निम्मी केली. कॅन्टिलिव्हरची स्टिफनेस लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे आठपट वाढली. लवलव कमी झाली, गेली नाही.

मग पट्टी आणि होल्डर यांच्यामध्ये चार रबरी ग्रोमेट घातले. (बोल्ट आवळून रबर चेपू नका, आत छोटी नळी घाला. नाहीतर रबर नुसतं शोभेला.) आणि गंमत म्हणजे आयडलिंगला फोन आधीपेक्षा जास्त नाचू लागला! वर्कशॉपचे सर म्हणाले, “गणित कर, मग रबर बदल.”

गणित केलं. इंजिन आयडलला १७५० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २९ कंपनं. गव्हर्नर ३८०० वर, म्हणजे ६३. टिचकी मारून ॲक्सिलरोमीटरच्या ॲपवर मोजलं, तर रबरावरच्या फोनची स्वतःची फ्रिक्वेन्सी ३० निघाली. आयडलला चक्क रेझोनन्स! रबर काम करायला लागतं ते इंजिनची फ्रिक्वेन्सी माउंटच्या १.४१ पटीच्या वर गेल्यावर. त्याच्या खाली ते कंपन वाढवतं.

मला वाटलं, आणखी मऊ रबर शोधावं. पण फोन आणि होल्डर मिळून जेमतेम २५० ग्रॅम, एवढ्याशा वजनाने रबर दबतंय कुठे? मग उलटं केलं, वजन वाढवलं. स्क्रॅपमधली १२० बाय ८० मिमीची, ५ मिमी जाड स्टीलची पट्टी होल्डरखाली बसवली. ३७५ ग्रॅम. एकूण वजन अडीचपट, म्हणून फ्रिक्वेन्सी ३० वरून १९ वर. फुल थ्रॉटलला आधी २९ टक्के कंपन फोनपर्यंत पोचत होतं, आता हिशेबाने १० टक्के. वजन रबराच्या वर, फोनच्या बाजूला हवं. पट्टीच्या बाजूला लावलं तर नुसतीच हमाली.

शिवाय सायकलच्या ब्रेकची तार फोनपासून चॅसीला बांधली. तिसऱ्या फेरीत होल्डरचा जबडा सुटला तेव्हा फोन तारेला लटकत आला. काचेवर एक ओरखडा, बस्स.

व्हिडिओ मात्र मिळाला. हळू करून पाहिला, तर खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटचं वेल्ड प्रत्येक खड्ड्याला उघडत-मिटत होतं. रंग घासल्यावर भेग नुसत्या डोळ्यांनी दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच बग्गीवर फुल स्पीडची ट्रायल होती, आणि ड्रायव्हर होता माझा रूममेट. ट्रायल रद्द केली, गसेट लावून वेल्ड पुन्हा मारलं. ‘कट्’ बंद झाला.

रूममेटने व्हिडिओ दोनदा बघितला, काही बोलला नाही. मग फोन हातात घेऊन विचारलं, “हा ओरखडा कोणी पाडला?”