ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

सोमवारपासून कार्यालय तुझ्या हाती. काल तू कपाटांच्या किल्ल्या मोजून घेतल्यास, मग डेडस्टॉक रजिस्टरवर सही केलीस, ते बघून बरं वाटलं. आता पोर्टलांच्या किल्ल्याही तशाच मोजून घे. आयकर, धर्मादाय आयुक्त, दर्पण, बँक, वेबसाइट. प्रत्येकापुढे वहीत लिही: मेल कुणाचा, मोबाईल कुणाचा, नूतनीकरण कधी.

आमचे आधीचे सचिव गेले तेव्हा एका सरकारी पोर्टलवर त्यांचाच नंबर होता. मग ओटीपी त्यांच्या घरी, वहिनींकडे यायला लागला. त्या बिचाऱ्या देवपूजेतून उठायच्या, चष्मा शोधायच्या, आकडे सांगायच्या, तोवर वेळ संपलेली. पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा चष्मा. वेबसाइटची गत त्याहून वाईट. डोमेन एका उत्साही मुलानं स्वतःच्या कॉलेजच्या मेलवरून घेतलेलं. तो परदेशी गेला, सूचना त्या मेलवर पडून राहिल्या, आणि ऐन मार्चात, देणग्यांच्या दिवसांत, साइट बंद. त्याला काय बोलायचं? आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

म्हणून संस्थेच्या कामासाठी एक वेगळं सिम घे, साध्या फोनमध्ये टाक, फोन ऑफिसातच ठेव. रिचार्ज चुकवू नकोस; महिनोन्महिने बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादायला चेंज रिपोर्ट द्यायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच दिवशी वही काढ आणि नंबरही बदल.

सॉफ्टवेअर विकायला येणारे आता तुला गाठतील. गोड बोलतात. तू चहा पाज आणि एकच विचार, आमची सगळी माहिती, फोटोंसकट, आम्हाला एक्सेलमध्ये परत कशी मिळेल? ‘मिळेल हो मॅडम’ यावर समाधान मानू नकोस, समोर बसून काढून दाखवायला सांग. दुसऱ्या वर्षाचं भाडंही विचार. सीएसआरचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो, भाडं मात्र चालूच राहतं. गूगल, मायक्रोसॉफ्ट नोंदणीकृत संस्थांना काही गोष्टी फुकट किंवा सवलतीत देतात, त्या जरूर घे. फुकटात एमआयएस बनवून देणाऱ्या ओळखीतल्या इंजिनिअरला मात्र हात जोड. त्याला नोकरी लागली की ते यंत्र आपल्याला अनाथ करून जातं. आमचं तसं दोनदा झालं.

मराठीची परीक्षा घ्यायला विसरू नकोस. १९९८च्या लाभार्थ्यांची यादी आमच्या संगणकात अजून आहे, पण तेव्हाच्या फॉन्टात. त्या काळी श्रीलिपी, आकृती असे ज्याचे त्याचे फॉन्ट. आज फाइल उघडली की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. दोन मुलींनी महिनाभर बसून छापील प्रतीवरून ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. तेव्हा कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की त्यात ‘कातकऱ्यांच्या’ असं लिही. शोधून बघ, छापून बघ, पीडीएफमधून उचलून दुसरीकडे चिकटवून बघ. त्या ‘ऱ्या’त भलेभले अडकतात.

पाड्यावरच्या नोंदींबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथं आमचे पैसे गेले. ठाण्यातल्या एसी खोलीत दाखवलेलं ॲप झकास चाललं. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावर गेलो तर गोल गोल चक्र फिरत बसलं. आमची कार्यकर्ती ताई बाळांची वजनं हाताच्या तळव्यावर लिहून आली. नंतर ओडीके नावाचं ॲप वापरलं. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं काम ते. नोंद फोनमध्येच राहते, रेंज आली की पाठवता येते. कोबोही तसंच. पण कुठलंही घे, आधी जुलैत, सगळ्यात लांबच्या पाड्यावर ने आणि ताईंच्या ओल्या हातात दे. आपण चालवून दाखवायचं नाही, गप्प बसून बघायचं.

अजून एक. कागदाला कड असते, मोबाईलच्या फॉर्मला नसते. आम्ही वजन-उंचीच्या चार रकान्यांवरून चौऱ्याहत्तर प्रश्नांवर गेलो. घराचं छप्पर कसलं, रेडिओ आहे का! ते कुणी वाचलं नाही, आणि कंटाळलेल्या ताई वजनच अंदाजे भरायला लागल्या. ज्या उत्तरावर कुणी काही करणार नाही, तो प्रश्न काढून टाक.

देणग्यांसाठी एक्सेल पुरे. अडचण सॉफ्टवेअरची नसते, पॅनची असते. २०२१-२२पासून ८०जीच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यावी लागायला लागली, तेव्हा क्यूआरवरून आलेल्या पाचशे-हजारांपुढे नुसतं ‘पप्पू’ असं नाव. पप्पूला मे महिन्यात कुठं शोधणार? पैसे आले त्याच दिवशी फोन करून पूर्ण नाव, पत्ता, पॅन घे. १ एप्रिल २०२६पासून आयकराचा कायदाच नवा, तेव्हा फॉर्मचे जुने नंबर पाठ धरू नकोस, सीएला विचार.

आणि ताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार कार्डांचे, उघड्या-वाघड्या पोरांचे फोटो पडतात ना, ते बंद कर. २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं आहेच, पण कायदा नसता तरी आपल्या लेकराचा असा फोटो तू कुणाला फिरवू दिला असतास का?

त्या सरकारी पोर्टलवर वहिनींचा नंबर अजून तसाच आहे, हे सांगायला मला लाज वाटते. तो बदलायलाही ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार. मी सकाळी बोलून ठेवलंय, पूजा आटोपून अकरानंतर त्या चष्मा लावून बसतील. तू लॉगिन उघडून तयार राहा.